दानाआधींचा हिशेब



महोत्सव समितीनें व्याख्यानांसाठीं जे विषय काढले, त्यांत ‘उद्योगधंद्यांतील नीति’ हा विषय आमच्या वांट्यास आला. कित्येकांना वाटेल कीं, वेदीपुढें उभें राहणाऱ्याला कारखाने आणि ताळेबंद यांतलें काय कळणार? शंका रास्त आहे. आम्हीं आयुष्यांत एकहि दुकान चालविलें नाहीं, आणि धर्मग्रामाच्या जमाखर्चाची वही देखील खजिनदारांच्या कृपेनेंच नीट राहते. परंतु या मंडपांत बसलेल्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी सकाळची गाडी पकडून एखाद्या कंपनींत कामाला जातो. कोणी हिशेबनीस आहे, कोणी प्रयोगशाळेंत आहे, कोणी चार माणसें हाताशीं घेऊन स्वतःचा धंदा करतो. आठवड्यांतील एक तास तुम्ही आमच्या स्वाधीन करतां, आणि अठ्ठेचाळीस तास कामाच्या. त्या अठ्ठेचाळीस तासांविषयीं धर्माला कांहींच म्हणावयाचें नसेल, तर त्या एका तासाला तरी कितीसा अर्थ उरतो?

एक घरची गोष्ट आधीं सांगून टाकतों. ही स्मरणिका जाहिरातींच्या पैशावर निघते. जाहिराती गोळा करतांना समितींतील एका तरुणानें विचारलें कीं, ज्याच्या धंद्यामुळें शेजाऱ्यांच्या विहिरी बिघडल्या, त्याचें पान घ्यावें कीं नाहीं? वाद बराच झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “देवाच्या पेटींत पडलें कीं सगळें नाणें सारखेंच.” शेवटीं दोन पानें परत केलीं आणि स्मरणिका तेवढी बारीक झाली. त्यामुळें ज्यांना वाईट वाटलें असेल त्यांनीं रागावूं नये. आम्ही जें सांगणार आहों तें जाहिरात न देणाऱ्यांनाहि तितकेंच लागू आहे.

सेमिनरींत नीतिशास्त्र शिकवितांना आम्हांला न्याय आणि दया यांची गल्लत करूं देत नसत. न्याय म्हणजे ज्याचें त्याला देणें. दया म्हणजे आपलें दुसऱ्याला देणें. संत थॉमस अक्विनस यांनीं तेराव्या शतकांत आपल्या महाग्रंथांत परतफेडीवर एक स्वतंत्र प्रकरण घातलें आणि खरेदीविक्रींतील फसवणुकीवर दुसरें. मालांत असा दोष असेल कीं ज्यानें घेणाऱ्याला धोका पोंचेल, तर विकणाऱ्यानें तो सांगितलाच पाहिजे, असें त्यांचें मत आहे. आणि दुसऱ्याचें जें आपण घेतलें तें त्यालाच परत गेलें पाहिजे. तें तिसऱ्याला दान करून कोणी मोकळा होत नाहीं.

जक्कयाची गोष्ट आपल्या लहान मुलांनाहि पाठ आहे. उंबराच्या झाडावर चढलेल्या त्या बुटक्या जकातदारानें आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देऊं केली, एवढें आपल्या लक्षांत राहतें. त्याच दमांत तो दुसरेंहि कांहीं बोलला: ज्यांना नाडलें त्यांना चौपट परत करीन. पहिलें वचन वर्तमानपत्रांत छापण्याजोगें आहे. दुसऱ्यासाठीं मात्र जुन्या वह्या काढाव्या लागतात, नांवें शोधावीं लागतात, आणि ज्याचें तोंड पाहण्याची लाज वाटते त्याच्या दारीं जावें लागतें.

आतां आपल्या देशाचा कायदा पाहूं. २०१३ सालच्या कंपनी कायद्यांत १३५ वें कलम आहे. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्याला लावावेत, असा त्याचा सारांश आहे. १ एप्रिल २०१४ पासून तें अमलांत आलें. त्यांतून कोठें शाळेला खोल्या मिळाल्या, कोठें दवाखान्याला यंत्रें मिळालीं, आणि त्याबद्दल कृतज्ञ असावें. परंतु या कलमाची मोजणी कोठून सुरू होते तें पाहा. ती नफ्यापासून सुरू होते. नफा ठरण्याआधीं जो खर्च कंपनीनें वहींत मांडलाच नाहीं, म्हणजे नदीचा, विहिरीचा, कामगाराच्या फुप्फुसांचा, तो दुसऱ्या कोणीतरी भरलेला असतो, आणि त्याची पावती त्याला कधीं मिळत नाहीं. शंभरांतले दोन रुपये कोणाला दिले हा प्रश्न सोपा आहे. शंभर झाले कसे, हा अवघड. आम्ही या दुसऱ्या प्रश्नाविषयीं बोलणार आहों.

त्यासाठीं तुम्हांला दूरदेशीं न्यावें लागेल. भोपाळ जवळ आहे, आणि १९८४ सालच्या २ डिसेंबरची रात्र वडील मंडळींना आठवत असेल. परंतु जें एका रात्रींत होतें त्याला लोक अपघात म्हणून सोडून देतात. जपानांतील मिनामाता येथें जें झालें तें छत्तीस वर्षें झालें. रोज, कामाच्या वेळांत, वह्या नीट लिहून.

मिनामाता हें क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचें गांव. समोर शिरानुई समुद्र, बेटांनीं वेढलेला आणि शांत. आणि त्यावर जगणारी कोळ्यांचीं वस्ती. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें चिस्सो कंपनीचा कारखाना आला. आधीं कार्बाइड व खत, आणि १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड नांवाचें रसायन, ज्यापासून पुढें अनेक उपयोगी द्रव्यें बनतात. तें तयार करतांना पारा वापरीत, आणि उरलेलें पाणी खाडींत सोडीत. कारखान्यानें गांवाला काम दिलें, कर दिला, दवाखाना दिला. कारखान्यांतील एक माजी व्यवस्थापक पुढें नगराध्यक्षहि झाला. हें आम्ही निंदेनें सांगत नाहीं. ज्याच्या पदरीं सारें गांव असतें त्याच्याविरुद्ध बोलणें किती कठीण जातें, एवढेंच लक्षांत यावें म्हणून सांगतों.

१९५० नंतर तेथील मांजरें वेडींवांकडीं नाचूं लागलीं आणि समुद्रांत पडून मेलीं. कावळे उडतां उडतां खालीं पडले. १९५६ च्या एप्रिलांत दोन लहानग्या बहिणींना कंपनीच्याच दवाखान्यांत आणलें. त्यांना धड चालतां येईना, धड बोलतां येईना. दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनीं १ मे १९५६ रोजीं आरोग्य खात्याला कळविलें कीं, मेंदूचा एक रोग पसरत आहे आणि त्याचें कारण कळत नाहीं. रोगी बहुतेक कोळ्यांच्या घरचे होते. त्यांचें रोजचें जेवण म्हणजे खाडींतले मासे.

पुढें १९५८ च्या सप्टेंबरांत कंपनीनें सांडपाण्याची वाट बदलली आणि तें नदीच्या मुखाशीं सोडलें. कांहीं महिन्यांत त्या बाजूच्या वस्त्यांतहि रोगी दिसूं लागले. १९५९ च्या जुलैंत कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यांनीं सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविलें. त्याच सुमारास होसोकावांनीं स्वतः प्रयोग आरंभिले होते. कारखान्याचें सांडपाणी अन्नांत कालवून ते मांजरांना देत. ऑक्टोबरांत ४०० क्रमांकाच्या मांजराला तोच रोग झाला. होसोकावांनीं ही गोष्ट वरिष्ठांच्या कानीं घातली. वरिष्ठांनीं प्रयोग थांबविण्यास सांगितलें, आणि निष्कर्ष बाहेर जाऊं दिला नाहीं.

अज्ञान ही एक सबब असते. नीतिशास्त्रहि तिचा विचार करतें. त्या ऑक्टोबरापासून ती सबब संपली. आणि मग कंपनीनें दोन गोष्टी केल्या, ज्या आजच्या भाषेंत ‘सामाजिक जबाबदारी’ या सदरांत सहज बसल्या असत्या.

पहिली: डिसेंबर १९५९ मध्यें पाणी शुद्ध करण्याचें एक मोठें यंत्र समारंभपूर्वक सुरू केलें. लोकांचें समाधान झालें, वर्तमानपत्रें शांत झालीं. पुढें न्यायालयांत उघड झालें कीं, सेंद्रिय पारा काढण्यासाठीं तें यंत्र बांधलेंच नव्हतें. तें लोकांच्या समाधानासाठीं होतें.

दुसरी: ३० डिसेंबर १९५९ रोजीं रोग्यांशीं करार झाला. मृत्यूबद्दल ३ लाख येन, प्रौढ रोग्याला वर्षाला १ लाख, लहान मुलाला ३० हजार. या रकमेला ‘सहानुभूतीचा पैसा’ असें नांव दिलें, भरपाई असें नव्हे. आणि करारांत एक कलम होतें: उद्यां कारखान्याचें पाणी हेंच रोगाचें कारण ठरलें, तरी रोग्यांनीं अधिक कांहीं मागूं नये. ज्यांना ४०० क्रमांकाच्या मांजराविषयीं ठाऊक होतें, त्यांनीं हें कलम ज्यांना ठाऊक नव्हतें त्यांच्यापुढें सहीसाठीं ठेवलें. वर्षअखेर होती, घरांत रोगी होते, हातीं पैसा नव्हता. त्यांनीं सही केली.

बंधुभगिनींनो, न्यायाला दयेचें नांव दिलें म्हणजे काय होतें याचा इतका स्वच्छ दाखला आम्हांला दुसरा ठाऊक नाहीं. दया करणारा मोठा होतो, घेणारा मिंधा होतो, आणि देणें मात्र फिटत नाहीं.

पाणी सोडणें चालूच राहिलें. पोटांतल्या बाळापर्यंत विष पोंचत नाहीं, वार तें अडवून धरते, अशी वैद्यांची तोंवर समजूत होती. परंतु जन्मतःच हा रोग घेऊन आलेलीं मुलें आढळूं लागलीं, आणि आईची प्रकृति त्यामानानें बरी असे. मासाझुमी हाराडा नांवाचे एक डॉक्टर होते. त्यांनीं या मुलांच्या अभ्यासांत आयुष्य घातलें. कांहीं घरीं अशा मुलाला घरचें धन म्हणत. कारण आईच्या अंगांतलें विष त्यानें आपल्याकडे घेतलें, आणि पाठचीं भावंडें वांचलीं. या एका समजुतींत जी दया आहे ती कोणत्याहि कंपनीच्या अहवालांत सांपडणार नाहीं.

१९६५ सालीं निईगाता प्रांतांत, दुसऱ्या कंपनीच्या कारखान्याखालीं, आगानो नदीकांठीं तोच रोग निघाला. १९५९ सालीं सत्य बाहेर आलें असतें तर तेथील किती माणसें वांचलीं असतीं? चिस्सोनें पाऱ्याची ती पद्धत १९६८ च्या मे महिन्यांत बंद केली; पश्चात्तापानें नव्हे, तर पद्धत जुनी झाली म्हणून. सरकारनें कारण मान्य केलें तें त्याच सालच्या सप्टेंबरांत, म्हणजे पाणी थांबल्यावर. २० मार्च १९७३ रोजीं कुमामोतोच्या न्यायालयानें कंपनीला जबाबदार धरलें आणि सहानुभूतीचा तो करार नीतीविरुद्ध म्हणून रद्द ठरविला. भरपाई माणशीं १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख येन ठरली. खाडीच्या तळचा गाळ काढून ५८ हेक्टर भाग बुजविण्याचें काम १९७७ पासून १९९० पर्यंत चाललें, आणि त्याला सुमारें ४,८५० कोटी येन लागले. कंपनी कर्जांत बुडाली, आणि ती जगावी म्हणून १९७८ पासून प्रांताला रोखे काढावे लागले. कारण ती बुडाली असती तर रोग्यांना पैसे कोणी दिले असते?

येथें व्यापारी मंडळींना असें सांगण्याची पद्धत आहे कीं, प्रामाणिकपणा शेवटीं फायद्याचाच ठरतो. हा युक्तिवाद आम्हांला फारसा रुचत नाहीं. कधीं तो खरा ठरतो, कधीं नाहीं. चिस्सोला पुष्कळ वर्षें फायदाच झाला, आणि ज्यांनीं तो घेतला त्यांतले कित्येक निकालाच्या दिवशीं निवृत्त किंवा मृत होते. नफ्यासाठीं नीति पाळणारा नफा संपतांच ती सोडील. ती पाळावयाची ती शेजारी आपल्यासारखाच माणूस आहे म्हणून.

आम्हांला अधिक विचार करावासा वाटतो तो डॉक्टर होसोकावांचा, कारण तुमच्यांतले बहुतेक मालकांच्या जागीं नाहींत, त्यांच्या जागीं आहेत. ते दुष्ट नव्हते. रोगाची पहिली वर्दी त्यांनींच दिली, मांजरांवरचे प्रयोग त्यांनींच केले. परंतु मना केल्यावर ते गप्प राहिले, आणि १९६२ सालीं निवृत्त होऊन गेले. १९७० च्या जुलैंत, कर्करोगानें अंथरुणास खिळले असतां, त्यांनीं इस्पितळांतूनच न्यायालयाला साक्ष दिली आणि ४०० क्रमांकाच्या मांजराची हकीकत सांगितली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ते वारले. त्या साक्षीचा रोग्यांना मोठा आधार झाला. ती साक्ष अकरा वर्षें उशिरा आली हेंहि खरें. दोन्ही गोष्टी एकदमच म्हटल्या पाहिजेत. त्यांना दोष देणें सोपें आहे. पण घरचें भाडें, मुलांची फी आणि वरिष्ठांचा चेहरा ज्यानें डोळ्यांपुढें ठेवून पाहिला नाहीं, त्यानें तो देण्याची घाई करूं नये.

पारा आपल्या देशांतहि आला. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांत असलेला तापमापकांचा एक कारखाना १९८० नंतरच्या वर्षांत कोडाईकनाल येथें आणला गेला, आणि पुढें तो हिंदुस्थान लिव्हर कंपनीकडे गेला. २००१ सालीं पारा लागलेली फुटकी कांच गांवांतल्या भंगारवाल्याकडे सांपडली. त्याच वर्षीं कारखाना बंद झाला. माजी कामगार आपल्या आजारांविषयीं पंधरा वर्षें झगडले, आणि २०१६ सालीं ५९१ जणांशीं तडजोड झाली. ती रक्कम कायद्याच्या लॅटिन भाषेंत ‘एक्स ग्राशिया’ म्हणून दिली गेली. आम्हांला सेमिनरींत थोडें लॅटिन शिकविलें होतें. त्याचा अर्थ ‘कृपेनें’ असा आहे.

मग कारखाने नसावेतच काय? असें म्हणणाऱ्यानें आधीं अंगावरचा सदरा आणि खिशांतलें औषध खालीं ठेवावें. कारखाने हवेत. प्रश्न एवढाच कीं खर्च केव्हां मांडावयाचा. जमशेटजी टाटा यांनीं १९०२ सालीं आपले पुत्र दोराबजी यांना पत्र लिहिलें. तेव्हां पोलादाची कंपनी निघालेली नव्हती. ती १९०७ सालीं निघाली. गांवाची जागाहि ठरली नव्हती. तरी त्या पत्रांत रुंद रस्ते, सावलीचीं झाडें, बागा, खेळांचीं मैदानें, आणि मंदिरें, मशिदी व चर्चें यांसाठीं जागा, हें सारें सांगितलेलें आहे. जमशेटजी १९०४ सालीं वारले. पण १९१२ सालीं त्या कारखान्यांत आठ तासांचा दिवस आला, जेव्हां आपल्या कायद्यांत तशी सक्ति नव्हती. तेथें सारें सुरळीत झालें असें नाहीं. १९२० आणि १९२८ सालीं मोठे संप झाले, आणि संपवाल्यांनाहि कारणें होतीं. परंतु माणूस आणि झाड हे पहिल्या आंकड्याआधीं कागदावर होते, नफा मोजून झाल्यावर आठवले नाहींत, हा फरक मोठा आहे.

पोप बेनेडिक्ट यांनीं २००९ सालच्या परिपत्रकांत आणि पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या परिपत्रकांत हाच मुद्दा मांडला आहे: सर्वांच्या मालकीचीं जीं नैसर्गिक साधनें, तीं वापरण्याचा खर्च जो वापरतो त्यानेंच उघडपणें सोसला पाहिजे, तो दुसऱ्या लोकांवर किंवा पुढल्या पिढ्यांवर टाकूं नये. कित्येकांना हें धर्मगुरूंचें नवें खूळ वाटलें. तेराव्या शतकांतलें परतफेडीचें प्रकरण ज्यांनीं वाचलें आहे त्यांना तें नवें वाटणार नाहीं.

आपल्या धर्मग्रामांत चिस्सोएवढा कारखाना कोणाचा नाहीं. पण भाजीच्या मळ्यावर तोडणीच्या आदल्या दिवशीं औषध फवारणारा, गाड्या धुतल्याचें तेलकट पाणी ओहोळांत सोडणारा, बांधकामाची माती शेजाऱ्याच्या पाणंदींत ढकलणारा, यांनीं आपला खर्च दुसऱ्याच्या वहींत लिहिला नाहीं काय? पापनिवेदनाला येऊन ‘फादर, थोडें दान करतों’ असें म्हणणाऱ्याला आम्ही विचारतों, विहीर कोणाची होती? आधीं तिकडे जा.

आतां तरुणांसाठीं एक व्यवहाराची गोष्ट. शेअर बाजारांतील पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून पाणी, कचरा, कामगारांची सुरक्षितता यांविषयींचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. तुम्ही ज्या कंपनींत आहां तिचा अहवाल निघत असेल तर तो वाचा, आणि तुमच्या डोळ्यांनीं पाहिलेलें त्यांत आहे कीं नाहीं तें ताडून पाहा. त्याच कंपनी कायद्याच्या १७७ व्या कलमाप्रमाणें, बाजारांत शेअर असलेल्या कंपनीला नोकरांच्या तक्रारी ऐकण्याची आणि तक्रार करणाऱ्याला त्रास होऊं न देण्याची व्यवस्था ठेवावी लागते. ती व्यवस्था कागदावर असते, कधीं कधीं कागदावरच असते, हें आम्ही जाणतों. म्हणून एकट्यानें उडी मारूं नका. जें पाहिलें त्याची तारखेसह टिपणी ठेवा, कागद वाचावयाला शिका, आणि कोणाशीं तरी बोला.

त्यासाठीं पुढील महिन्यापासून दर पहिल्या रविवारीं, दुसऱ्या मिस्सेनंतर, शाळेच्या मागच्या खोलींत आम्ही तासभर बसणार आहों. धर्मग्रामांतील एक वकील आणि एक निवृत्त हिशेबतपासनीस यांनीं सोबत बसण्याचें कबूल केलें आहे. येणाऱ्यानें नांव लिहावयाचें नाहीं. मालकांनींहि यावें, त्यांच्याहि अडचणी असतात, आणि त्या ऐकून घेणारें कोणी नसतें. तेथें झालेलें बोलणें त्या खोलींतच राहील.